वाचक विचारतात: ब्रेटन भाषेचं नक्की झालं काय?

गेल्या अंकात युरोपातल्या छोट्या भाषांवर दोन पानं होती, त्यात ब्रेटनला जेमतेम एक परिच्छेद मिळाला होता, की फ्रान्सच्या पार पश्चिमेला ब्रिटनी नावाचा प्रदेश आहे, तिथे ही बोलतात आणि बोलणारे झपाट्याने कमी होतायत, बस एवढंच. पण पत्रं आणि मेल सगळ्यात जास्त आले ते त्याच परिच्छेदावर. म्हणून यावेळचं सदर सगळं ब्रेटनला देऊन टाकलंय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि काही प्रश्न थोडे छाटलेत, राग मानू नका.

नाशिकहून एक वाचक: ब्रेटन म्हणजे फ्रेंचचीच गावाकडची बोली ना? आपल्याकडे वऱ्हाडी, अहिराणी असते तशी?

नाही हो, अजिबात नाही. हा गैरसमज खुद्द फ्रान्समध्ये पण भरपूर आहे. फ्रेंच ही लॅटिनची लेक आणि ब्रेटन आहे केल्टिक घराण्यातली, वेल्श आणि कॉर्निश या तिच्या सख्ख्या बहिणी, आयरिश लांबची चुलत. आणि गंमत म्हणजे ती मुळात फ्रान्सची नाहीच, पाचव्या-सहाव्या शतकात आजच्या कॉर्नवॉल, डेव्हन, वेल्स या भागातून लोक समुद्र ओलांडून या बाजूला आले आणि येताना भाषा घेऊन आले. येताना गावांची-प्रांतांची नावंसुद्धा घेऊन आले, म्हणून इंग्लंडात कॉर्नवॉल आहे आणि इकडे ब्रिटनीत कोर्नुआय आहे. प्रदेशाचं नावही तेच, छोटं ब्रिटन, आणि मग त्या पलीकडच्या मोठ्या बेटाला 'ग्रेट' जोडावं लागलं. आज युरोपच्या मुख्य भूमीवर बोलली जाणारी केल्टिक भाषा ही एकच.

लिखाण पण जुनं आहे. हॉलंडमध्ये लायडनला एक हस्तलिखित जपलंय, नवव्या शतकाच्या आसपासचं, औषधांच्या नुस्ख्यांचं, लॅटिनमध्ये लिहिलेलं पण मधेमधे ब्रेटन शब्द घातलेले. आणि १४६४ मध्ये जेहान लागादेक नावाच्या पाद्र्याने ब्रेटन-फ्रेंच-लॅटिन असा त्रिभाषी शब्दकोश लिहिला, 'कातोलिकॉन' नावाचा, तो १४९९ मध्ये त्रेग्ये गावात छापला गेला. ब्रेटनचा हा पहिला शब्दकोश आणि फ्रेंचचा पण पहिला हाच मानतात! म्हणजे ज्या भाषेला पुढे गावंढळ म्हणून हिणवलं तिच्याच कोशात फ्रेंच पहिल्यांदा नीट रांगेत बसली.

एक लक्षात ठेवा, सगळी ब्रिटनी कधीच ब्रेटन बोलत नव्हती. पूर्वेकडे, म्हणजे रेन, नांत त्या बाजूला गालो बोलतात, ती मात्र खरंच फ्रेंचची बहीण. पश्चिमेचा अर्धा भाग ब्रेटनचा. गालोवाल्यांची तक्रार असते की सगळं कौतुक ब्रेटनचंच होतं आणि आम्हाला कोणी विचारत नाही, आणि ती तक्रार खरी आहे.

पुण्याहून, फ्रेंच शिकणारी एक विद्यार्थिनी: व्याकरण कसं आहे? फ्रेंच येत असेल तर सोपं जातं का?

शब्द काही ओळखीचे लागतील कारण हजार वर्षं शेजार आहे, पण व्याकरणात फ्रेंच काहीच कामाला येत नाही. सगळ्यात डोकं खाणारी गोष्ट म्हणजे शब्दाचं पहिलं अक्षरच बदलतं. डोकं म्हणजे 'पेन', माझं डोकं 'मा फेन', तुझं डोकं 'दा बेन'. आता शब्दकोशात 'फेन' शोधाल तर सापडणार नाही, आधी तो मुळात 'प'चा होता हे कळायला हवं. आपल्याकडे विभक्ती लागते तेव्हा शब्दाचं शेपूट बदलतं, इथे तोंड बदलतं.

आकडे मात्र मराठी माणसाला आवडतील. पन्नास म्हणजे 'अर्धं शंभर', साठ म्हणजे 'तीन विसा', ऐंशी 'चार विसा', आपल्या जुन्या बायका विसाच्या हिशोबात मोजायच्या अगदी तसंच. आणि अठरा म्हणजे 'तीन सहा', का ते विचारू नका.

सांगलीहून एक निवृत्त शिक्षक: फ्रेंच सरकारनेच ही भाषा मारली असं वाचलं. खरं आहे का?

सर, अर्धं खरं आहे. आणि उरलेलं अर्धं जास्त बोचणारं आहे म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी हे की ब्रेटन ही राजदरबाराची भाषा फार पूर्वीच राहिली नव्हती. ब्रिटनीचे स्वतःचे ड्यूक होते, स्वतंत्र कारभार होता, पण शेवटचा ब्रेटन बोलणारा ड्यूक म्हणजे आलान फेर्गां असं म्हणतात, आणि तो बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्यानंतरचे सगळे फ्रेंचाळलेले, कागदपत्रं आधी लॅटिनमध्ये आणि मग फ्रेंचमध्ये. १५३२ मध्ये ब्रिटनी रीतसर फ्रान्सला जोडली गेली तेव्हा ब्रेटन ही शेतकरी, कोळी, आणि खालच्या पाद्र्यांची भाषा होती. पण होती भक्कम! कारण या लोकांना फ्रेंचची गरजच पडत नव्हती, आयुष्य गावात जायचं.

मग क्रांती आली. सुरुवातीला, १७९० मध्ये, हुकूम स्थानिक भाषांमध्ये भाषांतर करून वाटायचे असं ठरलं होतं, चांगली सुरुवात होती खरं तर. पण चार वर्षांत वारं फिरलं. जानेवारी १७९४ मध्ये बारेर नावाच्या पुढाऱ्याने भाषणात सांगितलं की फुटीरपणा आणि अंधश्रद्धा ब्रेटनमध्ये बोलतात, आणि त्याच वर्षी ग्रेग्वार नावाच्या पाद्री-पुढाऱ्याने बोलीभाषा संपवून फ्रेंच सार्वत्रिक करण्याची गरज यावर अहवालच मांडला. म्हणजे क्रांतीच्या मते सगळी माणसं समान, फक्त भाषा एकच पाहिजे. तेव्हा हे कागदावरच राहिलं कारण गावोगाव फ्रेंच शिकवायला मास्तर कुठून आणणार.

खरा दणका बसला तो शंभर वर्षांनी, शाळा आली तेव्हा. १८८१-८२ च्या कायद्यांनी शाळा फुकट आणि सक्तीची झाली, शिकवायचं फक्त फ्रेंचमध्ये, आणि ब्रेटन बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात एक वस्तू अडकवायचे, लाकडी बूट किंवा लाकडाचा तुकडा असं काहीतरी, त्याला 'सिंबोल' म्हणायचे, काही ठिकाणी 'गाय'. त्या पोराने ती वस्तू काढायची कशी, तर दुसरं कोणी ब्रेटन बोलताना पकडायचं आणि त्याच्या गळ्यात घालायची! संध्याकाळी ज्याच्याकडे ती उरेल त्याला शिक्षा. म्हणजे मास्तरला काही करावंच लागत नाही, पोरंच पोरांवर पाळत ठेवतात. हे सगळ्या शाळांत सारखं नव्हतं आणि प्रत्येक मास्तर राक्षस होता असंही नाही, अनेक मास्तर स्वतः ब्रेटन घरातलेच होते आणि त्यांना मनापासून वाटायचं की आपण पोरांना चिखलातून बाहेर काढतोय. मला स्वतःला हे जास्त भयंकर वाटतं.

१९०२ मध्ये पंतप्रधान कोंबने चर्चमध्ये ब्रेटनमधून प्रवचन आणि धर्मशिक्षण द्यायला बंदी घातली, न ऐकणाऱ्या पाद्र्यांचे पगार रोखले (तेव्हा पाद्र्यांना पगार सरकार द्यायचं). १९२५ मध्ये शिक्षणमंत्री द मोंझीने जाहीर सांगितलं की फ्रान्सच्या भाषिक एकतेसाठी ब्रेटन नाहीशी व्हायलाच हवी. शिक्षणमंत्री बरं का!

आता बाकीचं अर्धं. एवढं सगळं होऊनही १९५० च्या सुमाराला ब्रेटन बोलणारे दहा-अकरा लाख होते. म्हणजे सत्तर वर्षं शाळेने गळ्यात बूट अडकवूनही भाषा मेली नव्हती, कारण पोरगं शाळेतून घरी आलं की ब्रेटनच. ती तुटली १९४५ नंतरच्या एका पिढीत आणि तुटली घरात. आईबाप आपसात ब्रेटन बोलायचे, आजी-आजोबांशी ब्रेटन, गुरांशी पण ब्रेटन, आणि पोराकडे वळले की मोडकी-तोडकी फ्रेंच. कोणी सक्ती केली नव्हती तेव्हा. उलट १९५१ मध्ये देक्सोन कायद्याने शाळेत ब्रेटन ऐच्छिक शिकवायला परवानगी मिळाली होती. पण ट्रॅक्टर आले, शेतं एकत्र केली गेली, पोरं पॅरिसला कामाला जायला लागली, आणि पॅरिसमध्ये ब्रेटन म्हणजे मोलकरीण नाहीतर हमाल हीच ओळख. १९०५ पासून बेकासिन नावाची कॉमिक मोलकरीण फ्रान्सभर फेमस होती, साधीभोळी ब्रेटन पोरगी, आणि चित्रात तिला तोंडच काढलेलं नसायचं. ज्यांनी लहानपणी बूट गळ्यात घेतला त्यांनी ठरवलं की माझ्या लेकराला हे नको. लाज पेरली शाळेने, पीक आलं दोन पिढ्यांनी. म्हणून सरकारला मोकळं सोडता येत नाही, पण 'सरकारने मारली' एवढंच म्हटलं की त्या आईबापांनी काय आणि का केलं ते दिसतच नाही.

ठाण्याहून: दुसऱ्या महायुद्धात ब्रेटनवाले नाझींना सामील होते असं एका डॉक्युमेंटरीत पाहिलं, ते काय प्रकरण?

काही होते, हे लपवण्यात अर्थ नाही. ब्रेटन राष्ट्रवाद्यांच्या एका गटाला वाटलं की फ्रान्स हरला म्हणजे आपला चान्स आला, जर्मनांनी पण थोडं चुचकारलं, रेनच्या रेडिओवर ब्रेटन कार्यक्रम सुरू झाले. १९४३ च्या डिसेंबरमध्ये ब्रेटन चळवळीतल्या पेरो नावाच्या पाद्र्याचा खून झाला आणि त्याच्या नावाने 'बेझेन पेरो' अशी तुकडी निघाली, ती सरळ जर्मन गणवेशात लढली, पण माणसं किती तर शंभरसुद्धा नाहीत. आधुनिक ब्रेटन साहित्याचा मोठा माणूस रोपार्झ हेमों, ज्याने १९२५ मध्ये 'ग्वालार्न' मासिक काढून भाषेला शेतातून उचलून शहरात आणलं, तोच त्या रेडिओवर होता, युद्धानंतर त्याला शिक्षा झाली आणि तो आयर्लंडला गेला तो तिकडचाच झाला.

आणि हे पण सांगायला हवं की जून १९४० मध्ये सेन नावाच्या टिचभर ब्रेटन बेटावरचे शंभराहून जास्त पुरुष होड्या घेऊन जर्मनांशी लढत राहायचं म्हणणाऱ्या फ्रेंच सेनानी द गॉलकडे इंग्लंडला गेले, तेव्हा तिकडे मोजकेच लोक जमले होते. डॉक्युमेंटरीत बहुतेक पहिलाच भाग दाखवतात. युद्धानंतर 'ब्रेटन ब्रेटन करतो म्हणजे जर्मनांचा' असा शिक्का बसायला तेवढं पुरलं, आणि आईबापांनी घरात भाषा सोडली त्याला हे एक कारण झालं असणार असं मला वाटतं.

म्हापशाहून: आमच्याकडे कोंकणीत लिपी कुठली आणि बोली कुठली यावर भांडणं संपत नाहीत. तिकडे पण असंच आहे का?

आहे, आणि मजेशीर आहे. लिपी एकच रोमन, पण स्पेलिंगवरून मारामारी. मुख्य बोली चार, त्यातल्या तीन साधारण जवळच्या आणि चौथी व्हान शहराकडची, ती वेगळीच, तिच्यात जोर शब्दाच्या शेवटावर येतो आणि बाकीच्यांत शेवटून दुसऱ्यावर. जिथे तिघं 'झ' म्हणतात तिथे व्हानवाले 'ह' म्हणतात. १९०८ मध्ये तिघांचं स्पेलिंग एक झालं आणि व्हानवाले बाहेर राहिले. मग १९४१ मध्ये तोडगा काढला की झेड आणि एच दोन्ही लिहा, ज्याला जे वाचायचं ते वाचा! ब्रिटनीला ब्रेटनमध्ये 'ब्रेझ' म्हणतात त्याच्या शेवटी जी झेड-एच जोडी दिसते ती ही, गाड्यांवर बी-झेड-एच स्टिकर असतात ते यातूनच आले.

पण तारीख बघा, १९४१. जर्मनांच्या आशीर्वादाने झालेलं म्हणून विरोधकांना कारण मिळालं, १९५५ मध्ये विद्यापीठातून फाल्खन नावाच्या प्राध्यापकांनी वेगळं स्पेलिंग आणलं, सत्तरच्या दशकात आणखी तिसरं. म्हणजे बोलणारे लाखांनी कमी होत होते तेव्हा लिहिणारे कुठलं अक्षर पवित्र यावर लेख लिहीत बसले होते. आता झेड-एचवालं स्पेलिंग जवळपास सगळीकडे आहे, बाकीची जुन्या जाणत्यांकडे.

कोल्हापूरहून दोन मैत्रिणी: आज नक्की किती लोक बोलतात? आणि शाळा चालतात म्हणे, मग आकडा का पडतोय?

२०२४ च्या पाहणीत आकडा आला साधारण १ लाख ७ हजार. त्याआधीच्या २०१८ च्या पाहणीत दोन लाखांच्या वर होता. म्हणजे सहा वर्षांत निम्मा! पेपरात हेडलाइन आली की सगळं संपलं. पण त्याच पाहणीत बोलणाऱ्यांचं सरासरी वय सत्तरच्या आसपास होतं ते साठच्या खाली आलंय. याचा अर्थ असा की १९५० आधी जन्मलेली ती शेवटची मोठी पिढी, जिला पाळण्यात ब्रेटन मिळालं, ती आता जातेय, आणि खाली शाळेतून आलेली छोटी पिढी आहे. जाणारे भरपूर आणि येणारे थोडे, त्यामुळे आकडा अजून पडणार, आणि तो कोणीच थांबवू शकत नाही, ते नुकसान साठ-सत्तर वर्षांपूर्वीच झालंय.

शाळांचं म्हणाल तर १९७७ मध्ये काही पालकांनी 'दिवान' नावाने शाळा सुरू केली, दिवान म्हणजे कोंब फुटणं, फिनिस्तेरमधल्या एका गावात, बोटांवर मोजण्याइतकी पोरं घेऊन. पद्धत अशी की सगळं ब्रेटनमधूनच, गणित पण, डब्याची सुट्टी पण, फ्रेंच नंतर येतं (आणि येतंच, आजूबाजूला दुसरं आहे काय). मग सरकारी शाळांत आणि कॅथलिक शाळांत अर्धं-अर्धं असे द्विभाषिक वर्ग निघाले. आज तिन्ही मिळून वीस हजाराच्या आसपास मुलं आहेत, दिवानमध्ये त्यातली चारेक हजार, आणि कारे गावात दिवानचं ज्युनिअर कॉलेज आहे. ज्या भाषेला गळ्यात बूट घातला तिच्यातून पोरं बारावीपर्यंत जातात हे कमी नाही. पण यातली बरीच मुलं शाळेबाहेर पडली की भाषा सोडून देतात, कारण दुकानात, ऑफिसात, बॉयफ्रेंड-गर्लफ्रेंडशी सगळं फ्रेंच.

आणि एक नाजूक भाग आहे. म्हातारे म्हणतात ही पोरं बोलतात ते आम्हाला कळत नाही, शब्द बनवलेले, उच्चार फ्रेंच. पोरं म्हणतात तुम्ही आम्हाला शिकवलं असतं तर आम्हाला पुस्तकातून का शिकावं लागलं असतं. दोघांचंही बरोबर आहे, पण माझा कल पोरांकडे, कारण आता भाषा आहे ती त्यांच्याच तोंडात.

मुंबईहून एक वकील: घटनेत या भाषेला काही स्थान आहे का?

१९९२ मध्ये घटनेत लिहिलं गेलं की प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे. हेतू इंग्रजीपासून संरक्षण असा सांगितला होता, मार बसला स्थानिक भाषांना. १९९९ मध्ये फ्रान्सने प्रादेशिक भाषांच्या युरोपियन करारावर सही केली आणि लगेच घटना परिषदेने तो घटनेत बसत नाही म्हणून सांगितलं, आजतागायत मान्य झालेला नाही. २००८ मध्ये एक कलम आलं की प्रादेशिक भाषा हा फ्रान्सचा वारसा आहे. वारसा म्हणजे काय तर काही नाही, हक्क मागायला गेलात की वारसा उपयोगी पडत नाही. एप्रिल २०२१ मध्ये ब्रिटनीचेच खासदार पॉल मोलाक यांचा कायदा मोठ्या बहुमताने पास झाला, आणि मे महिन्यात घटना परिषदेने त्यातलं नेमकं महत्त्वाचं उडवलं: सरकारी शिक्षणात पूर्ण ब्रेटन माध्यम चालणार नाही, आणि जन्मदाखल्यावर स्थानिक भाषांची अक्षरचिन्हं चालणार नाहीत. दिवानच्या शाळा तरी चालू आहेत, कशा ते फ्रेंच कायदेपंडितांनाच विचारा.

चिन्हांवरून तर २०१७ पासून एक केस गाजली, कॅम्पेरमध्ये एका जोडप्याने बाळाचं ब्रेटन नाव ठेवलं, त्यात 'एन'वर छोटी नागमोडी रेघ येते, ती रेघ चालणार नाही म्हणून कोर्टाने नाव अडवलं. पुढच्या वर्षी रेनच्या अपील कोर्टाने रेघ मान्य केली, सरकारी पक्ष वरच्या कोर्टात गेला आणि २०१९ मध्ये हरला. एका रेघेसाठी तीन कोर्टं!

इंदूरहून: ब्रिटनीचा आणि आपला कधी काही संबंध आला होता का?

इंदूरकरांनीच विचारलं हे छान झालं! तुकोजी होळकरांच्या पदरी कवायती पलटणी तयार करणारा शेवेलिए द्युद्रेनेक हा ब्रेस्तचा, म्हणजे ब्रिटनीच्या अगदी टोकाचा. १७९३ मध्ये लाखेरीला महादजी शिंद्यांच्या द बॉयनने होळकरांचा जो पराभव केला त्यात होळकरांकडून याच्याच पलटणी होत्या. त्याच्या आधी कॅम्पेरचा रने मादेक उत्तरेत जाट आणि मुघल बादशहाकडे सेनापतीगिरी करून नवाब झाला होता. आणि लोरियां हे ब्रिटनीतलं बंदर तर १६६६ पासून फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीसाठीच वसलं, नावाचा अर्थच पूर्व. इकडचं कापड आणि मसाले तिकडे उतरायचे. आता त्याच लोरियांमध्ये १९७१ पासून दर ऑगस्टला केल्टिक संगीताचा मोठा मेळा भरतो.

साताऱ्याहून: शिकायची असेल तर?

फ्रेंच येत असेल तर रस्ता सोपा, बहुतेक पुस्तकं आणि कोर्स फ्रेंचमधूनच आहेत, इंग्रजीतून थोडे. ब्रेस्त आणि रेन विद्यापीठात पदवी मिळते, आणि ब्रिटनीत मोठ्यांसाठी सलग सहा महिन्यांचे कोर्स असतात, बरेच जण नोकरीतून सुट्टी घेऊन करतात आणि मग शिक्षक होतात कारण शिक्षकांची टंचाई आहे. घरबसल्या करायचं तर ब्रेटन विकिपीडिया आहे, रेडिओ केर्न इंटरनेटवर लागतो, गुगल ट्रान्सलेटमध्ये २०२४ पासून ब्रेटन आहे पण त्याच्यावर फार विसंबू नका. सुरुवात 'कान हा दिस्कान' नावाच्या गाण्यांपासून करा, एक जण ओळ म्हणतो, दुसरा तिची शेपटी पकडून तीच ओळ परत म्हणतो, आणि त्यावर रात्रभर लोक हात धरून नाचतात, यूट्यूबवर ढीगभर आहे, एकच ओळ दोनदा कानावर पडत असल्यामुळे उच्चार आपोआप बसतो.